आधी चार सऱ्यांत, मग फडात



तोडीची तारीख कळली की आपण उसाचं पाणी तोडतो. ती तारीखच चुकीची कळली तर? पाणी बंद, टोळीचा पत्ता नाही, आणि फडातला ऊस उभ्या उभ्या वजन घालवतो. सभासदांच्या मोबाईल ग्रूपमध्ये प्रश्नांना आपोआप उत्तरं देणारा ‘बॉट’ सुरू करावा अशी सूचना आली, तेव्हा शेतकी विभागातल्या आम्हां मंडळींच्या मनात पहिलं भय हेच आलं. म्हणून तो एकदम तुमच्यात न सोडता आधी आमच्यातच चालवून पाहिला.

टेलिग्रामवर असे बॉट २०१५ पासून करता येतात. त्यांच्याच ‘बॉटफादर’ नावाच्या खात्याकडे मागणी केली की नवा बॉट मिळतो, आणि त्याची एक लांबलचक किल्ली, म्हणजे टोकन. आम्ही दोन बॉट घेतले, एक खरा व एक चाचणीचा, किल्ल्या वेगवेगळ्या. चाचणीला आम्ही आठच जण. नोंदवहीसुद्धा बनावट: सभासद ‘अ’, सभासद ‘ब’, मनाचे नोंद क्रमांक. खऱ्या नोंदींना हात लावू दिला नाही.

पहिल्याच संध्याकाळी गंमत झाली. कुणी ‘राम राम’ घातला तरी हा आपला ‘नोंद क्रमांक सापडला नाही’ म्हणे! दोष आमचाच. हौसेनं त्याला ग्रूपचा ॲडमिन केला होता. एरवी मूळच्या मांडणीत बॉटला ग्रूपमधली त्याला दिलेली आज्ञा किंवा त्याला दिलेलं उत्तर एवढंच कळतं. ॲडमिन केला की सगळंच बोलणं दिसतं. आपल्या घरच्या गोष्टी त्याला कशाला? ॲडमिनपद काढून घेतलं. पुढं ‘१०३’ मराठी आकड्यांत लिहिलं तर त्याला उमगेना. अहो, आपली वडीलधारी माणसं मराठी आकडाच लिहिणार! तेही दुरुस्त करून घेतलं.

तिसरी चूक मात्र अंगावर काटा आणणारी. ‘ब’नं ‘अ’चा क्रमांक टाकला, आणि ‘अ’चं टनेज, बिलातून झालेली सोसायटीची कपात, सारं आठही जणांपुढं उघडं पडलं. आकडे खोटे होते म्हणून हसलो. खरे असते तर एखाद्याचं कर्ज चावडीवर वाचल्यासारखं झालं असतं. आता ठरलं ते असं: ग्रूपमध्ये फक्त सर्वांसाठीच्या सूचना. स्वतःचं वजन-बिल विचारायचं ते बॉटशी खासगीत, आणि तुमचा मोबाईल नंबर आपल्या नोंदीशी जुळला तरच. शिवाय एका ग्रूपमध्ये बॉटला मिनिटाला २० च्या वर निरोप धाडता येत नाहीत, तेव्हा तिथं गर्दी नकोच.

आणखी एक कबुली. आमच्यातल्या एकानं अडचण दाखवायला फोटो टाकला, त्यात किल्ली दिसत होती. किल्ली ज्याच्या हाती, बॉट त्याच्या हाती. लगेच ती रद्द करून नवी घेतली. चाचणीच्या बॉटची होती म्हणून निभावलं.

नवं बेणं आपण आधी चार सऱ्यांत लावून बघतो. त्याच रीतीनं येत्या हंगामात बॉट प्रथम एकाच गटात १५ दिवस चालेल. बाकीच्या गटांचं नंतर पाहू. तोवर तोडीची तारीख चिटबॉयच्या स्लिपवरची तीच खरी. बॉट आणि स्लिप यांत फरक दिसला तर दोन्ही घेऊन गट ऑफिसात यावे, आणि खुलासा होईपर्यंत पाणी तोडू नये.