फोर बाय फोर, पण वर्षातून कितीदा?

जयसिंगपुरात दारात नवी थार आली, की पेढ्याआधी प्रश्न येतो, ‘फोर बाय फोर हाय न्हवं?’ हो म्हणताना मालकाची कॉलर ताठ! पण भावा, तो दुसरा लिव्हर शेवटचा कधी हलवलास?

शिरोळ तालुका म्हणजे सपाट काळी रानं. गळीत हंगामात बहुतेक पाणंदी वाळलेल्याच असतात. उसाने भरलेली ट्रॉली ओढणारा साधा ट्रॅक्टरही मागच्या दोन चाकांच्याच जोरावर चालतो. खरी परीक्षा पावसाळ्यात. चिकट माती टायरच्या खाचांत बसली, की टायर गुळगुळीत होतो आणि मग दोनाऐवजी चार चाकं जागच्या जागी फिरतात, एवढाच फरक. म्हणजे टायर आधी, फोर बाय फोर नंतर. रिकामा पिकअप तर मागे वजन नाही म्हणूनच घसरतो. चार पोती खत टाकून बघा.

आणि महापूर? थारची पाण्यातली मर्यादा ६५० मिलिमीटर, गुडघ्याच्या थोडं वर. २०१९च्या ऑगस्टमध्ये शिरोळच्या गावांत बोटीच लागल्या.

कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून शायनिंग तर मारूच नका. गिअरवर ताण येतो, ब्रेकही लवकर लागत नाही. जानेवारी २०२३मध्ये महिंद्राने फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार ९.९९ लाखांपासून आणली, ती उगाच नाही.

पाणंदीच्या टोकाला गोठा आहे आणि जुलैत रोज पहाटे डेअरीला दूध पोचवायचंय? मग बिनधास्त घ्या. बाकीच्यांनी चांगले टायर घाला आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.