कॅबिनेटला कान लावून

१९७७ साली बाजारात आलेल्या ‘ॲपल टू’ या कॉम्प्युटरला पंखा नव्हता. टेबलावर आपल्या शेजारी बसणाऱ्या यंत्राने घरघर करता कामा नये, असा स्टीव्ह जॉब्ज यांचा आग्रह होता. तो पुरा करायचा तर आत उष्णताच कमी तयार व्हायला हवी. रॉड होल्ट या अभियंत्याने त्यासाठी जड ट्रान्सफॉर्मरचा नेहमीचा वीजपुरवठा बाजूला ठेवला आणि ‘स्विचिंग’ पद्धतीचा हलका, कमी तापणारा पुरवठा तयार केला. हे तंत्र त्याआधीही महागड्या उपकरणांत होतं. घरगुती कॉम्प्युटरमध्ये मात्र पुढे तेच रुळलं. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला असलेला, आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो तो पत्र्याचा डबा याच घराण्यातला. आजचा कॉम्प्युटर त्या वेळच्या यंत्राच्या कितीतरी पट वीज घेतो, त्यामुळे पंखा परत आला आहे. एसएमपीएसचा एक, प्रोसेसरवरचा एक, ग्राफिक्स कार्डाचे एक-दोन आणि कॅबिनेटचे वेगळेच.

कॉम्प्युटरने हिशेब केला, चित्र दाखवलं, गाणं ऐकवलं, तरी आत गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ती बाहेर नेणं हे पंख्यांचं काम. म्हणून ‘आवाज बंद कसा करायचा’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आवाज कशाचा आहे आणि त्यामागची उष्णता कुठे अडकली आहे, हे आधी शोधायला हवं. पंख्याची वायर काढून शांतता मिळवणारे लोक आहेत, पण ती शांतता महागात पडते.

शोधाची सुरुवात हाताच्या तळव्याने करावी. आवाज चालू असताना कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळवा दाबून धरा. आवाज एकदम बदलला किंवा थांबला, तर पत्रा आतल्या कंपनांना साथ देतो आहे. एखादा स्क्रू सैल आहे, किंवा हार्ड डिस्क थेट पत्र्याला आवळलेली आहे. स्क्रू घट्ट करणं आणि डिस्कखाली रबरी वॉशर घालणं एवढ्यावर हे भागतं.

तसं झालं नाही तर झाकण काढून ऐकायचं. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक या डॉक्टरांनी एका रुग्ण तरुणीच्या हृदयाचे ठोके कागदाची गुंडाळी करून ऐकले आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. ती गुंडाळी इथेही कामाची आहे. वर्तमानपत्राची लांब नळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं एकेका पंख्याजवळ, मग डिस्कजवळ, मग एसएमपीएसच्या जाळीजवळ न्या. नळी, बाही, केस यातलं काहीही पात्यांत जाणार नाही एवढं सांभाळा. नुसत्या कानाला सगळा कॅबिनेट एकच आवाज करतो असं वाटतं. नळीतून ऐकलं की आवाज सुटे होतात.

सुटे झालेले आवाज मोजताही येतात, आणि मला यातला हाच भाग सर्वांत आवडतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १२० फेरे झाले, म्हणजे तिचा गुंजारव १२० हर्ट्झचा. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कचा ९० हर्ट्झचा. पंख्यात पात्यांची संख्या मध्ये येते, कारण प्रत्येक पातं एकाच जागेवरून जाताना हवेला धक्का देतं. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला २० फेरे, आणि २० गुणिले ७ म्हणजे १४० हर्ट्झ. मोबाइलवर आवाजाची वारंवारता दाखवणारी मोफत ॲप मिळतात. त्यातला उंच सुळका कुठे उभा राहतो ते पाहिलं की यंत्रातला कुठला भाग बोलतो आहे हे बरंचसं ठरतं. कधी आवाज एकसारखा नसतो, ‘घूंऽऽ घूंऽऽ’ असा भरती-ओहोटीने येतो. तेव्हा बहुधा दोन पंखे जवळजवळ सारख्या वेगाने फिरत असतात. एक १२०० फेरे घेतो, दुसरा १२३०. एकाचा सूर १४० हर्ट्झ, दुसऱ्याचा १४३.५. दोन्ही मिळून सेकंदाला साडेतीन वेळा उसळतात. तानपुऱ्याच्या दोन तारा जवळ येतात पण जुळत नाहीत, तेव्हा ऐकू येणारी लहर तीच. बायोसमध्ये एका पंख्याचा वेग थोडा बदलला की ती नाहीशी होते, आणि नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

बहुतेक तक्रारी मात्र साध्या असतात. ‘पूर्वी शांत होता, आता सुसाट घोंघावतो.’ यात दोष पंख्याचा नसून धुळीचा असतो. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीची गादी जमली की हवा पुढे सरकत नाही, तापमान वाढतं आणि मदरबोर्ड पंख्याचा वेग वाढवतो. वेग आणि आवाजाचं नातं फार तीव्र आहे. वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट वाहते, पंख्याला लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. दहा डेसिबलची वाढ कानाला सुमारे दुप्पट वाटते, म्हणजे इथे आवाज तिपटीच्या आसपास गेला. उलटही खरं आहे. मोठा पंखा सावकाश फिरवला तर तेवढीच हवा कितीतरी शांतपणे हलते. म्हणून जुन्या ८० मिलिमीटरच्या पंख्यांची जागा १२० मिलिमीटरच्या पंख्यांनी घेतली.

आपल्याकडे कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटून ठेवायची सवय आहे. तिथे पंखा बाहेर फेकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढतो. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून मागे वीतभर जागा सोडली तरी फरक ऐकू येतो. धूळ ब्लोअरने काढताना प्लग काढलेला असावा आणि पातं बोटाने धरून ठेवावं. वाऱ्याच्या झोताने पंखा भरमसाट वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं, शिवाय फिरणारी मोटर उलट वीज तयार करते आणि ती मदरबोर्डाकडे जाऊ शकते. सफाईनंतरही प्रोसेसर तापत असेल तर त्याच्या आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळली आहे का ते पाहावं.

थंडीत सकाळी चालू करताना पंखा करकरतो आणि थोड्या वेळाने गप्प होतो, हे लक्षण बेअरिंगचं. स्वस्त पंख्यात धातूच्या नळीत फिरणारा दांडा असतो आणि मध्ये तेलाचा पातळ थर. तेल आटलं की दांडा नळीला घासतो. यंत्र तापून उरलेलं तेल पातळ झालं की घासणं कमी होतं. स्टिकर सोलून शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडण्याचा उपाय आपल्याकडे जुना आहे आणि तो काही काळ खरोखर चालतो. खोबरेल तेल मात्र चुकूनही घालू नये. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात पंखा जागेवर अडकायचा. गंज सोडवणारा स्प्रेही नको. तो लवकर उडून जातो आणि जाताना होतं तेवढं वंगण धुऊन नेतो. बॉल बेअरिंगचा पंखा बिघडला तर तो थंडी-उन्हाळ्याचा भेद न करता सतत गुरगुरतो. तो बदलावाच.

आता एसएमपीएसकडे. घरातली २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. ती एकदिश केली की सुमारे ३२५ व्होल्ट मिळतात. नव्या, चांगल्या पुरवठ्यांत हा दाब आणखी वर, ४०० व्होल्टच्या जवळ नेतात. मग ट्रान्झिस्टर हा प्रवाह सेकंदाला हजारो, कित्येकदा लाखभर वेळा तोडतात-जोडतात, तो एका छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून जातो आणि बाहेर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पडतात. इतक्या जलद उघडझापीमुळेच ट्रान्सफॉर्मर मुठीत मावण्याएवढा होतो.

या डब्यातून कधी बारीक शिटीही येते, आणि तिचं मूळ चुंबकत्वात आहे. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेलं लोखंड अगदी सूक्ष्म प्रमाणात आकार बदलतं, हे जेम्स जूल यांनी १८४०च्या दशकात दाखवलं. क्षेत्राची दिशा कुठलीही असो, ताण तोच. म्हणून प्रवाहाच्या एका आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा गाभा दोनदा ताणला जातो. रस्त्याकडेच्या डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट त्यामुळेच ५० हर्ट्झचा नसतो, १०० हर्ट्झचा असतो. फेराइटही असाच हलतो, आणि वेटोळ्याच्या तारा चुंबकीय बलाने एकमेकींना ओढतात-ढकलतात. पण लाखभर हर्ट्झची ही हालचाल आपल्याला ऐकू यायला नको, कारण माणसाचा कान २० हजार हर्ट्झपाशी थांबतो. तरीही बारीक शिटी ऐकू येते, कारण मागणी सारखी नसते. खेळाच्या सुरुवातीच्या साध्या पडद्यावर ग्राफिक्स कार्ड सेकंदाला हजारो चित्रं काढत सुटतं, प्रत्येक चित्राबरोबर विजेची मागणी वरखाली होते आणि ती लय कानाच्या पट्ट्यात पडते. सेटिंगमध्ये चित्रांची संख्या ६० वर बांधली की शिटी बहुतेक वेळा थांबते. कॉम्प्युटर बंद असताना येणारी किणकिण याच जातीची. भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएसमधला ५ व्होल्टचा एक छोटा पुरवठा जागा असतो. काम कमी म्हणून तो झटक्या-झटक्याने वीज देतो. ही शिटी त्रासदायक असली तरी सहसा धोक्याची नसते.

धोक्याचे आवाज वेगळे. कॉम्प्युटर चालू होत नाही आणि डब्यातून ठरावीक अंतराने ‘टिक्... टिक्...’ येतं, तेव्हा पुरवठा सुरू व्हायचा प्रयत्न करून, पुढे शॉर्ट किंवा जादा भार दिसल्याने स्वतःला बंद करतो आहे. हार्ड डिस्क ‘खट्... खट्...’ करू लागली तर आधी डेटाची प्रत घ्या, बाकीचं नंतर. त्यात डिस्कच मरणपंथाला असू शकते, पण १२ व्होल्टचा दाब खाली बसल्यामुळेही तबकडीचा वेग पडतो आणि तिच्यावरून वाचणारं डोकं (हेड) पुन्हा पुन्हा मागे येतं. चांगली डिस्क फेकून द्यायच्या आधी दुसऱ्या एसएमपीएसवर तपासली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नियमाप्रमाणे १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या बाहेर जाता कामा नये. पिवळ्या आणि काळ्या तारेत मल्टिमीटर लावून हे कळतं. कॉम्प्युटरवर कामाचा भार असताना मोजावं. मीटर मात्र सरासरी दाखवतो. दाबावरची बारीक थरथर त्यात दिसत नाही, आणि खरा बिघाड कित्येकदा तिथेच असतो.

ती थरथर शोषून घेणं हे कपॅसिटरचं काम. त्यांत द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांवर २००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२ हजार तास टिकेल. तोच ७५ अंशांवर निम्म्यात संपेल. धुळीने गुदमरलेला पंखा म्हणजे नुसता आवाज नव्हे, तो ही दहा अंशांची भर आहे. म्हणूनच पंख्याची वायर काढून मिळवलेली शांतता महाग. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रवाचे कपॅसिटर जगभर मदरबोर्डांवर फुगले-फुटले होते. आजही सपाट टोपी फुगलेला किंवा तपकिरी ओघळ आलेला कपॅसिटर दिसला की निदान तिथेच संपतं.

कधी दोष कॉम्प्युटरचा नसतोच. भारनियमनात चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर पंखे, ट्रान्सफॉर्मर सगळेच भणभणतात, तसा एसएमपीएसही. काही नवे पुरवठे अशा लहरीवर बंदच पडतात. त्यांना साइन वेव्हचा यूपीएस हवा. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर चुणचुण जाणवत असेल, स्पीकरमधून गुंजन येत असेल, तर बहुधा घराचं अर्थिंग तुटलेलं आहे. एसएमपीएसच्या गाळणीतले दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला अर्ध्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास आणून ठेवतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण त्याला जमिनीत जायला वाट हवी. वायरमनला बोलवा, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खोचू नका.

एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथले जाणते कारागीर तो कपॅसिटर आधी रिकामा करतात, मग पंख्याला हात लावतात. नुसता पंखा गेला असेल तर दुरुस्ती जरूर करावी. कपॅसिटर फुगले असतील तर नवा पुरवठा बरा. तो घेताना डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॅटकडे पाहू नका, बाजूच्या तक्त्यातला १२ व्होल्टचा रकाना पाहा. तिथे १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅटच प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला येतात. त्यानंतर कार्यक्षमता. २००४ साली सुरू झालेल्या ‘८० प्लस’ योजनेने किमान ८० टक्क्यांची अट घातली. कॉम्प्युटरला ३०० वॅट लागत असतील तर ८० टक्क्यांचा पुरवठा भिंतीतून ३७५ वॅट ओढतो आणि ७५ वॅट स्वतःच्या पोटात जाळतो. ९० टक्क्यांचा फक्त ३३ जाळतो. निम्म्याहून कमी उष्णता बाहेर काढायची असल्याने त्याचा पंखा सावकाश फिरतो, आणि हलक्या कामात काही पुरवठ्यांचा तर फिरतच नाही.