स्वभावाचे निदान, घरच्या बोलीत

जत तालुक्यात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू शेजारी नांदतात. मनाचे दुखणे मात्र प्रत्येकजण आपल्या बोलीतच सांगतो.

व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे नुसता तापटपणा नव्हे. विचार, भावना व नातेसंबंध यांची वर्षानुवर्षे टिकलेली, स्वतःस वा इतरांस जाचणारी घडण म्हणजे हा विकार. त्यास रक्ततपासणी नाही. निदान प्रश्नोत्तरांवर होते. जागतिक आरोग्य संघटनेने अशी मुलाखत ११ देशांत पडताळली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बंगळूरही होते.

‘थोरांना विचारल्याशिवाय निर्णय घेता का?’ यास ‘होय’ म्हणणारी सून पाश्चात्त्य कसोटीवर परावलंबी ठरेल. एकत्र कुटुंबात तीच अदब. ‘दिल घबराता’ हे छातीचे की मनाचे, हे ग्रांथिक उर्दूला उमगेलच असे नाही. म्हणून नुसता अनुवाद पुरत नाही. तो दुसऱ्याकडून मूळ भाषेत उलटवून ताडावा, सामान्य भाषकांना वाचून दाखवून अर्थ विचारावा आणि त्याच समाजातील निरोगी माणसांच्या उत्तरांशी तुलना करावी.

चुकीचा शिक्का संसार मोडू शकतो, हुकलेले निदान जीवही घेऊ शकते. म्हणून तपासणीस जाताना रुग्णास घरच्या बोलीत बोलू द्यावे. दुभाषी शक्यतो घरातला नसावा. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क सेवा अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.