घरी तयार केलेल्या आर्केड कॅबिनेटवरील समतल रंगलेपन : साहित्य, प्रक्रिया व कारणमीमांसा

प्रस्तावना :

नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ खेळांच्या उभ्या लाकडी पेटीस आर्केड कॅबिनेट असे म्हणतात. १९७८ मधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० मधील ‘पॅक-मॅन’ या खेळांमुळे अशा पेट्या जगभर परिचित झाल्या. पुढे १९९७ मध्ये ‘मेम’ ही संगणक प्रणाली उपलब्ध झाली व जुने खेळ घरच्या संगणकावर चालविणे शक्य झाले. त्यानंतर अमेरिका व युरोपातील अनेक हौशी व्यक्तींनी त्या खेळांना साजेशी पेटी स्वतःच्या हाताने बनविण्यास प्रारंभ केला.

या कामात फळ्या कापणे, पडदा बसविणे व तारा जोडणे हे टप्पे बहुधा निर्विघ्न पार पडतात. अपेक्षाभंग होतो तो अखेरच्या, म्हणजे रंगकामाच्या टप्प्यात. कित्येक महिन्यांच्या श्रमांनंतर पेटीवर कुंचल्याच्या रेघा, ओघळ, खरखरीत कडा व कमीअधिक चकाकीचे पट्टे दिसू लागतात. हे दोष रंग हलका असल्यामुळे येतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यांचे मूळ बव्हंशी रंगाखालील पृष्ठभागात आणि कामाच्या क्रमात असते. ही बाब स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. एमडीएफ फळीचे स्वरूप :

घरगुती कॅबिनेटसाठी प्रामुख्याने १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीची एमडीएफ फळी वापरली जाते. लाकडाचे बारीक तंतू राळेत मिसळून, उष्णता व दाब देऊन ही फळी तयार होते. तीत गाठी अथवा रेषा नसल्यामुळे ती रंगकामास अनुकूल मानली जाते. मात्र फळीची घनता सर्वत्र सारखी नसते. दाबामुळे दोन्ही बाजूंचे थर घट्ट होतात, तर मधला गाभा तुलनेने सैल राहतो. फळी कापली की हा गाभा उघडा पडतो आणि टीपकागदाप्रमाणे रंग शोषून घेतो. परिणामी एकाच डब्यातील रंग सपाट भागावर चकाकतो, तर कडेवर निस्तेज व खरखरीत दिसतो. पाण्याच्या स्पर्शाने तंतू फुगून उभे राहत असल्याने पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा पहिला हात थेट फळीवर दिल्यास हा दोष अधिकच वाढतो.

२. कडांची पूर्वतयारी :

कॅबिनेटच्या बाजूच्या फळ्यांच्या कडांवर सामान्यतः प्लॅस्टिकची पट्टी बसविली जाते. तिच्यासाठी कडेच्या मध्यभागी खाच पाडावी लागते. ही खाच रंगापूर्वी पाडावी व पट्टी रंग पक्का झाल्यानंतर ठोकावी. पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या कडांवर फार श्रम घेण्याचे कारण नाही. परंतु नियंत्रण फळी, ध्वनिवर्धकाची फळी, नाण्याच्या दाराची चौकट यांच्या उघड्या कडा बंद करणे अत्यावश्यक ठरते.

त्यासाठी कड प्रथम १५० व नंतर २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावी, तीवर लाकडाची लांबी पातळ पसरावी आणि ती वाळल्यावर पुन्हा घासावी. दुसरा उपाय लाखेच्या लेपाचा आहे. फ्रेंच पॉलिश करणाऱ्या महाराष्ट्रातील सुतारास स्पिरिटमध्ये विरघळविलेली चपडा लाख अपरिचित नाही. अमेरिकेत एमडीएफसाठी वापरल्या जाणाऱ्या काही अस्तरांचा मूळ घटकही हीच लाख आहे आणि तिच्या प्रमुख उत्पादक देशांत भारताचा समावेश होतो. स्पिरिटमध्ये विरघळत असल्यामुळे लाखेचा लेप तंतूंना पाण्याइतके फुगवीत नाही, लवकर सुकतो व छिद्रे बंद करतो.

३. अस्तर व घासकाम :

कडा बंद झाल्यावर संपूर्ण फळीवर तेलमिश्रित किंवा लाखेच्या अस्तराचा हात द्यावा. अस्तराचे प्रमुख कार्य फळीची शोषणक्षमता सर्वत्र सारखी करणे हे आहे. ते वाळल्यावर २२० ते ३२० क्रमांकाच्या कागदाने, सपाट लाकडी ठोकळ्याभोवती कागद गुंडाळून घासावे. केवळ बोटांनी घासल्यास दाब असमान पडून खळगे निर्माण होतात. नंतर धूळ पुसून, अंधाऱ्या खोलीत फळीला जवळजवळ समांतर असा विजेरीचा झोत टाकावा. समोरच्या प्रकाशात न दिसणारे ओरखडे व उंचवटे अशा तिरप्या प्रकाशात सावल्यांमुळे स्पष्ट होतात. या अवस्थेत दिसलेला दोष लांबीने सुधारता येतो. रंगाखाली गेलेला दोष मात्र चकाकीमुळे अधिक उठून दिसतो.

४. रंग समतल होण्यामागील तत्त्व :

ओल्या रंगावरील रेघा पृष्ठताणामुळे आपोआप सपाट होऊ लागतात. त्यास लागणाऱ्या काळाचे गणित ऑर्चर्ड यांनी मांडले. त्यानुसार हा काळ दोन रेघांमधील अंतराच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि थराच्या जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. रेघांमधील अंतर २ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटर असेल, तर त्या सोळापट लवकर मिटतात. बारीक फेसाचा रोलर जाड केसांच्या कुंचल्यापेक्षा सरस का ठरतो, याचे उत्तर येथे मिळते. त्याचे ठसे लहान व जवळजवळ असतात.

याच नियमानुसार थराची जाडी निम्मी केली, तर सपाटीकरणास आठपट काळ लागतो. म्हणजे अत्यंत पातळ हातही हितावह नाही. उलटपक्षी, उभ्या फळीवर थराची जाडी दुप्पट केल्यास रंग खाली घसरण्याचा वेग चौपट होतो व ओघळ येतात. जाड थर ओघळतो आणि पातळ थर सपाट होत नाही, अशी ही कोंडी आहे. ती सोडविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पेटी जोडण्यापूर्वीच फळ्या आडव्या ठेवून रंगविणे होय. आडव्या फळीवर ओघळाचे भय जवळजवळ उरत नाही आणि रंगास सपाट होण्यास अवधी मिळतो. पेटी आधी जोडून मग ती उभी रंगविणारा कारागीर ही सवलत स्वतःच गमावतो.

५. प्रत्यक्ष रंगकाम :

रंग गाळून घ्यावा. रोलर रंगात बुडवून जादा रंग निथळू द्यावा. फळीच्या एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येक नवा पट्टा आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच तीवर चढवावा. शेवटी रोलर अगदी हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावा. सुकू लागलेल्या भागावर पुन्हा रोलर नेऊ नये, कारण दाट झालेला रंग सपाट होत नाही व संत्र्याच्या सालीसारखा पोत उमटतो. पंख्याचा वारा व थेट ऊन यांमुळेही रंगाचा ओलेपणा लवकर संपतो. तेलरंग तुलनेने सावकाश दाटतो, म्हणून तो अधिक सपाट होतो. पाण्यात मिसळणाऱ्या रंगात प्रवाहीपणा वाढविणारे द्रव्य उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे मिसळता येते.

पहिला हात पूर्ण वाळल्यावर ३२० क्रमांकाच्या कागदाने हलकेच घासून दुसरा व आवश्यकतेनुसार तिसरा हात द्यावा. संपूर्ण चकाकीचा काळा रंग सर्वाधिक दोष दाखवितो. त्यामुळे प्रथमच काम करणाऱ्याने मध्यम चकाकीचा रंग निवडणे इष्ट होय.

६. सुकणे व पक्का होणे :

रंग हाताला न चिकटणे आणि तो पक्का होणे या दोन भिन्न अवस्था आहेत. तेलरंगातील द्रावक काही तासांत उडून जातो. त्यानंतर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन थर कठीण होण्याची क्रिया कित्येक दिवस ते काही आठवडे चालू राहते. या काळात कडेची पट्टी ठोकली, कळफलक आवळला किंवा फळ्या एकमेकींवर रचल्या, तर रंग दबतो, चिकटतो व निघून येतो. नियंत्रण फळीवर खेळाडूंची मनगटे सतत घासली जातात. कच्चा रंग तेथे प्रथम झिजतो. झाकल्या जाणाऱ्या एखाद्या जागी नखाने दाबून ठसा उमटत नाही, याची खात्री झाल्यावरच जोडणी करावी.

७. आरोग्यविषयक दक्षता :

एमडीएफ घासताना अतिसूक्ष्म धूळ उडते, तसेच तिच्यातील राळेमुळे फॉर्माल्डिहाइडचा संपर्क संभवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ व फॉर्माल्डिहाइड या दोहोंचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. तोंडावर बांधलेला साधा रुमाल येथे अपुरा पडतो. सूक्ष्म कण अडविणारा मुखवटा, धूळ ओढणारे यंत्र व मोकळी हवा आवश्यक होय. तेलरंग व स्पिरिट यांची वाफ ज्वालाग्राही असते. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून टाकल्यास त्या आपोआप पेटू शकतात, म्हणून त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, समतल रंग हा शेवटच्या हाताचा चमत्कार नसून आधीच्या प्रत्येक टप्प्याचा परिणाम असतो. कडा बंद करणे, अस्तर घासणे, तिरप्या प्रकाशात तपासणे, फळ्या आडव्या रंगविणे आणि रंग पक्का होईपर्यंत थांबणे या पाच गोष्टींना महागड्या यंत्राची गरज नाही. त्यांस लागतो तो वेळ. पेटी पुरी होत आली असता नेमका तोच देणे कारागिरास सर्वाधिक कठीण जाते. मात्र घाईने रंगविलेली फळी पुन्हा घासून नव्याने रंगविण्यास लागणारा काळ वाचविलेल्या काळापेक्षा बहुधा अधिक असतो. हे ध्यानी ठेवल्यास सामान्य साधनांनीही समाधानकारक रंगकाम साधता येईल.