मुलांना कोंडून न ठेवता कुटुंब परत पाठवता येतं का? बेल्जियमने काय करून पाहिलं

डिटेन्शन सेंटर हा शब्द आपल्याकडे आसाममधल्या एनआरसीच्या दिवसांत घरोघरी पोहोचला. आज आम्ही लिहितो आहोत ते मात्र युरोपबद्दल, मुख्यतः बेल्जियमबद्दल. अफगाणिस्तान, सोमालिया, इराक, चेचन्या अशा ठिकाणांहून कुटुंबं तिथे आश्रय मागायला जातात. काहींना तो मिळतो, अनेकांचा अर्ज फेटाळला जातो. मग अमुक दिवसांत देश सोडा, असा हुकूम हातात पडतो. हुकूम मिळाल्यापासून विमानात बसेपर्यंतच्या दिवसांत त्या कुटुंबाला ठेवायचं कुठे?

बरीच वर्षं सरकारांचं उत्तर एकच होतं: कुलूपबंद केंद्रात. एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. ही माणसं कुठल्या गुन्ह्याची शिक्षा भोगत नसतात. कोर्टाने त्यांना दोषी ठरवलेलं नसतं. बाहेर ठेवलं तर पळून जातील, एवढ्या शंकेवर त्यांना आत ठेवलं जातं. त्यात आईबापांबरोबर दूधपितं बाळही आत जातं. आईबापांच्या कागदपत्रांचा हिशोब लेकरांकडून का घ्यायचा, याचं समाधानकारक उत्तर आम्हाला तरी कुठे सापडलं नाही.

बेल्जियमला या प्रश्नाने चांगलंच अडचणीत आणलं. २००२ मध्ये काँगोहून आलेली पाच वर्षांची एक मुलगी ब्रुसेल्स विमानतळावर अडवली गेली. तिची आई कॅनडात होती, निर्वासित म्हणून तिला तिथे मान्यता मिळालेली. मुलीला मोठ्या माणसांच्या केंद्रात सुमारे दोन महिने ठेवलं आणि नंतर एकटीला विमानात बसवून किन्शासाला पाठवून दिलं. तिथे तिला घ्यायला घरचं कुणीही आलेलं नव्हतं. २००६ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने ही वागणूक अमानुष ठरवली.

त्यानंतर आलं चेचन्याच्या एका आईचं प्रकरण. तिच्याबरोबर चार मुलं, सर्वांत लहान सात महिन्यांचं, मोठं सात वर्षांचं. ब्रुसेल्स विमानतळाच्या धावपट्टीजवळ १२७ बिस नावाचं बंद केंद्र आहे. तिथे या कुटुंबाला महिनाभर कोंडलं. मुलांच्या मनावर परिणाम झाल्याचं तपासणीत दिसलं, तरी सुटका झाली नाही. या खेपेला मुलं एकटी नव्हती, आई सोबत होती. तरीही मुलांच्या हक्कांचा भंग झाला, असा निकाल न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये दिला. आई जवळ आहे म्हणून मुलाची कैद चालते, हा बचाव तिथे टिकला नाही.

हा निकाल लागण्याआधीच बेल्जियमने दुसरा रस्ता धरला होता. १ ऑक्टोबर २००८ पासून तिथे ‘परतीची घरं’ सुरू झाली. पहिली घरं झुल्टे आणि ट्युबीझ या गावांत. ही खरोखरची घरं: स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, दाराला आपली किल्ली. कुंपण नाही, पहारेकरी नाही. खाण्यापिण्यासाठी मदत मिळते. मुलं शाळेत जाऊ शकतात, बाजारहाट करता येतो, वकिलाला भेटता येतं. अट एवढीच की घरातलं एक मोठं माणूस मागे थांबलेलं असावं. कायद्याच्या भाषेत कुटुंब ‘ताब्यात’ असतं, पण पोराला खिडकीला गज दिसत नाहीत.

या घरांचा कणा म्हणजे ‘कोच’. प्रत्येक कुटुंबामागे एक सरकारी माणूस नेमलेला असतो. तो कुटुंबाबरोबर बसून सगळी कागदपत्रं पाहतो. अर्ज नीट केला होता का, अपील बाकी आहे का, राहण्याचा परवाना मिळण्याचा एखादा मार्ग उरला आहे का, हे तपासतो. मार्ग निघाला तर कुटुंब राहतंही. परतीच्या घरातून काही कुटुंबं परवाना घेऊन बाहेर पडली आहेत. नाहीच निघाला, तर परतीची तयारी करायची: पासपोर्ट, तिकडे गेल्यावर राहायची सोय, थोडीफार आर्थिक मदत. ज्याला आपलं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं गेलं असं वाटतं, तो नकारही जास्त शांतपणे स्वीकारतो. घरातल्या वाटणीच्या भांडणातसुद्धा आपण हेच पाहतो, नाही का?

सगळं गोड झालं असं मात्र नाही. बरीच कुटुंबं या घरांतून निघून गेली आणि परत आली नाहीत. विरोधक तेच बोट दाखवत राहिले. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांची तक्रार वेगळी होती, आणि आम्हाला ती जास्त पटते. कोच हा परत पाठवणाऱ्या खात्याचाच नोकर, मग कुटुंबाने त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा? आणि तो भेटतो फार उशिरा. ओळखीचं घर, शाळा, डॉक्टर सोडायला लावून अनोळखी गावात आणल्यावर पहिली भेट. हेच काम अर्ज केल्याच्या दिवसापासून सुरू झालं असतं तर?

अमेरिकेत काहीसं तसं करून पाहिलं गेलं. जानेवारी २०१६ पासून पाच शहरी भागांत निर्वासित कुटुंबांना केंद्रात न ठेवता प्रत्येकी एक समाजसेवक जोडून दिला. वकील शोधणं, मुलाला शाळेत घालणं, तारखेची आठवण करून देणं ही त्याची कामं. हजेरी आणि कोर्टाच्या तारखा पाळण्याचं प्रमाण ९९ टक्के राहिलं. खर्च एका कुटुंबामागे दिवसाला सुमारे ३६ डॉलर. कौटुंबिक डिटेन्शनमध्ये एकाच माणसामागे ३०० डॉलरच्या वर जात होते. तरी जून २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने हा कार्यक्रम गुंडाळला. पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टी बांधणं याहून स्वस्त पडतं, हे त्यामागचं एक कारण.

युरोपीय संघाचा २००८ चा परतीबाबतचा कायदाही कैदेला शेवटचा उपाय म्हणतो. त्याआधी ठरावीक दिवशी हजेरी, पासपोर्ट जमा करणं, अनामत रक्कम, एकाच पत्त्यावर राहणं असे पर्याय त्यातच लिहिलेले आहेत. स्वतःहून परत जायला मुदत देणं हाही एक मार्ग. रत्नागिरी-रायगडमधल्या आखाती नोकरीवाल्या घरांना तो चांगला ठाऊक आहे. व्हिसा संपून अडकलेल्यांसाठी युएईने १ सप्टेंबर २०२४ पासून माफी योजना आणली, ती ३१ डिसेंबरपर्यंत चालली. दंड माफ, पुन्हा येण्यावर बंदी नाही. दंडाच्या भीतीने लपून राहिलेला माणूस अशा वेळी स्वतःच काउंटरवर येऊन उभा राहतो.

बेल्जियममध्ये मात्र वारं पुन्हा फिरलं. ऑगस्ट २०१८ मध्ये १२७ बिसच्या आवारातच कुटुंबांसाठी बंद घरं उघडली गेली. आत खेळायला जागा होती, रंगीत भिंती होत्या, पण भोवती कुंपण होतं. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्या हुकुमाला स्थगिती दिली. विमानांच्या गोंगाटात मुलांना आठवडेच्या आठवडे ठेवणं हा त्यातला एक मुद्दा होता. शेवटी मे २०२४ मध्ये संसदेने कायदाच केला: अल्पवयीन मुलं असलेल्या कुटुंबांना बंद केंद्रात ठेवायचं नाही.

मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने सगळ्या संघासाठी परतीच्या नव्या नियमांचा मसुदा मांडला. मुलांसह कुटुंबांना ‘शेवटचा उपाय’ म्हणून ताब्यात घेण्याची मुभा त्यातही ठेवलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१७ मध्येच सांगितलं होतं की स्थलांतराच्या कारणावरून मुलाला कैदेत ठेवणं कधीही त्याच्या हिताचं नसतं, शेवटचा उपाय म्हणूनसुद्धा नाही.