एक डोळा लहान, एक मोठा: सर्जरी करायची का?

या भागात कोडिंग नाही, डोळे. माझेच.

दोन महिन्यांपूर्वी आईने स्थळांना पाठवायला फोटो काढून घेतला. बघून सहज म्हणाली, "अरे, उजवा डोळा झोपेतून उठल्यासारखा का दिसतोय?" झालं! तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं ऐकायचं सोडून मी माझ्याच चौकटीकडे बघत बसायचो. आणि रात्री फोनवर एकच सर्च: पापणीची सर्जरी, खर्च किती?

प्रश्न चुकीचा नव्हता, पण पहिला नव्हता. पहिला प्रश्न असा, की पापणी खाली का आली, आणि कधीपासून?

आधी थोडी रचना समजून घेऊ. वरची पापणी उचलायचं मुख्य काम लिव्हेटर नावाचा स्नायू करतो. त्याच्या जोडीला म्युलरचा छोटा स्नायू असतो. लिव्हेटरची पुढची पातळ पट्टी ताणली गेली किंवा सुटली, की पापणी खाली येते. याला टोसिस म्हणतात. वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांमध्येही हे होऊ शकतं. काहींना ते जन्मापासूनच असतं. काहींची पापणी जागेवरच असते, फक्त वरची कातडी सैल होऊन लोंबते. तिन्ही वेळा आरशात "डोळा लहान" एवढंच दिसतं, पण इलाज वेगवेगळे.

अजून एक गंमत. कधी कधी लहान डोळा ठीकच असतो आणि मोठा दिसणारा बिघडलेला असतो! थायरॉइडच्या आजारात पापणी वर ओढली जाते. अशा वेळी "लहान" डोळ्याची सर्जरी म्हणजे चुकीच्या फाइलमध्ये बग शोधणं.

म्हणून मी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यातही पापण्यांवर काम करणारे वेगळे असतात, त्या शाखेला ऑक्युलोप्लास्टी म्हणतात. डॉक्टरांनी जुने फोटो मागितले. दहावीच्या हॉल तिकिटावर दोन्ही डोळे सारखे होते. मग त्यांनी मोजलं. बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत साधारण 4 ते 5 मिलिमीटर अंतर असतं. माझं डावीकडे 4, उजवीकडे 3. एवढ्याशा फरकावर मी दोन महिने झोप घालवली होती. गेली आठ वर्षं रोज बारा-बारा तास लेन्स लावतो, हे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली.

आणि मग त्यांनी जे दाखवलं, त्याने माझा विचार बदलला. बोटाने उजवी पापणी वर धरली आणि म्हणाल्या, "आता आरशात डावीकडे बघा." डावी पापणी खाली आलेली! याच्यामागे हेरिंगचा नियम आहे. एवाल्ड हेरिंग हे 19व्या शतकातले जर्मन शास्त्रज्ञ. दोन्ही डोळ्यांच्या जोडीच्या स्नायूंना मेंदू सारखाच आदेश पाठवतो, असा तो नियम. पापण्यांनाही तो लागू पडतो. उजवी पापणी जड झाल्यामुळे मेंदू जास्त जोर लावत होता, आणि त्या जोरावर डावीही वर राहत होती. उजवी दुरुस्त केली की जोर कमी होणार आणि डावी उतरणार. म्हणजे एका डोळ्याची सर्जरी हा दोन्ही डोळ्यांचा निर्णय आहे.

सर्जरी वाईट असं मी म्हणत नाही. पापणी बाहुलीवर येऊन नजर अडवत असेल तर ती गरजेचीच असते. मोठ्यांमध्ये बहुतेकदा ती जागेवर भूल देऊन करतात, म्हणजे मधेच डोळे उघडायला सांगून उंची तपासता येते. पण सूज उतरायला काही आठवडे लागतात. पापणी जास्त उचलली गेली तर डोळा नीट मिटत नाही, कोरडा पडतो. कमी-जास्त झालं तर पुन्हा टेबलावर. आणि फक्त दिसण्यासाठी केलेल्या सर्जरीचे पैसे विमा कंपनी सहसा देत नाही.

आता हे मात्र नीट ऐका. पापणी अचानक उतरली, सोबत डोकेदुखी, एकाच्या जागी दोन दिसणं किंवा दोन बाहुल्या लहान-मोठ्या, असं काही असेल तर आरसा नको, थेट हॉस्पिटल गाठा. सकाळी ठीक आणि संध्याकाळपर्यंत पापणी जड होत असेल, तर तेही डॉक्टरांना नक्की सांगा. तो स्नायूंचा आजार असू शकतो.

आणि सेल्फीवरून निदान करू नका. आरशात आपण स्वतःला उलटं बघतो. फोटोत बाजू बदलतात, त्यामुळे सवयीचा फरकही खटकतो. त्यात मान जरा वाकडी असली की संपलंच.

माझं काय ठरलं? लेन्स बंद, चष्मा सुरू, सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. तेव्हाही सर्जरी करावीशी वाटली तर करेन, पण आकडा बघून, फोटो बघून नाही. आईने चष्म्यातला नवा फोटो पाठवलाय स्थळांना. म्हणाली, "हा बरा आहे. जागा दिसतोयस."

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो शोधून ठेवा, कामाला येतो!