नाव खोडलं, फाइल तिथेच

सर्व्हरची डिस्क भरली म्हणून घाईघाईत मोठी लॉग फाइल उडवली जाते. फोल्डरमध्ये ती आता दिसत नाही, पण मोकळी जागा तसूभरही वाढत नाही. लिनक्स सांभाळणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी हे कोडं पडतं. ‘डिलीट केलं म्हणजे फाइल गेली’ हा समज त्याच्या मुळाशी आहे.

बेल लॅब्समध्ये 1969 साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचायला घेतली. तिच्यात आणि तिच्या वळणावर गेलेल्या लिनक्समध्ये फाइल ओळखली जाते ती इनोड क्रमांकाने. मालक कोण, परवानग्या काय, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे, हे सगळं इनोडमध्ये नोंदलेलं असतं. नाव मात्र नसतं. नाव असतं डिरेक्टरीत, आणि डिरेक्टरी म्हणजे नावं व इनोड क्रमांक यांच्या जोड्यांची यादी. शेताला गावात कुणी ‘विहिरीजवळचं’ म्हणो, कुणी ‘आंब्याखालचं’. तलाठ्याच्या दप्तरी गट क्रमांक एकच. तशी एका फाइललाही दोन नावं देता येतात, त्याला हार्ड लिंक म्हणतात. त्यांत मूळ कुठलं आणि नक्कल कुठली, हा प्रश्नच गैरलागू. एक खोडलं तरी दुसऱ्या नावाने फाइल शाबूत.

डिलीट करताना सिस्टीम फक्त नाव खोडते. डिस्कवरची जागा सुटायला दोन आकडे शून्यावर यावे लागतात: फाइलला उरलेली नावं आणि ती उघडून बसलेले प्रोग्रॅम. लॉग लिहिणारा प्रोग्रॅम चालूच असेल, तर निनावी झालेल्या त्या फाइलमध्ये तो निवांत लिहीत राहतो. अशा वेळी ‘डीयू’ ही आज्ञा वापरलेल्या जागेचा एक आकडा सांगते आणि ‘डीएफ’ दुसराच, कारण पहिली नावं धरून बेरीज करते, तर दुसरी थेट फाइल सिस्टीमला विचारते. फाइल कुणी धरून ठेवली आहे हे ‘एलएसओएफ’ दाखवते. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा सुटते. खरं तर चालू लॉग डिलीट करूच नये, रिकामी करावी.

‘प्रोग्रॅम फाइलला दरवेळी नावाने शोधतो’ हाही असाच एक समज. पाथ लागतो तो उघडताना. तेव्हा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, पाथवरून चालत इनोड गाठतो, परवानगी तपासतो आणि प्रोग्रॅमच्या हाती एक छोटा आकडा देतो: फाइल डिस्क्रिप्टर. 0, 1 आणि 2 हे इनपुट, आउटपुट आणि चुकांचे संदेश यांच्यासाठी आधीच घेतलेले असल्याने पहिल्या फाइलला सहसा 3 मिळतो. पुढचं वाचन-लेखन त्या आकड्यावर. म्हणूनच उघड्या फाइलचं नाव बदललं तरी प्रोग्रॅमचं काही अडत नाही. आणि स्थानिक डिस्कवर परवानगी नंतर काढून घेतली, तरी आधीच उघडून बसलेला वाचत राहतो! सुरक्षेची जबाबदारी असणाऱ्यांनी हे विसरू नये.

विंडोजमध्ये डिस्क्रिप्टरच्या जागी हँडल असतं. ‘फाइल वापरात आहे’ असं म्हणत विंडोज डिलीट नाकारते, तेव्हा लोक तिला हट्टी ठरवतात. तो अन्याय आहे. फाइल उघडताना इतरांना डिलीटची मुभा द्यायची की नाही हे प्रोग्रॅम सांगतो. विंडोज ते पाळते.

उघडली की अख्खी फाइल रॅममध्ये येते, हेही खरं नाही. मजकूर लागेल तसा, बहुधा 4 केबीच्या पानांनी येतो. सगळी फाइल एकदम ओढून घेणं ही त्या त्या एडिटरची निवड. एक्स्टेन्शन बदलल्यानेही फाइलचा प्रकार बदलत नाही. कुठल्या अ‍ॅपने उघडायचं हे विंडोज त्यावरून ठरवते, एवढंच. वर्डची ‘डॉक्स’ फाइल आतून झिप असते, आणि तिची सुरुवात झिपचे जनक फिल कॅट्झ यांच्या ‘पीके’ या आद्याक्षरांनी होते.

राहिला ‘सेव्ह केलं म्हणजे डिस्कवर गेलं’ हा समज. लिहिलेलं आधी मेमरीत साठतं. प्रोग्रॅमने खास आग्रह धरला नाही, तर लिनक्स ते डिस्कवर उतरवायला साधारण अर्धा मिनिट घेऊ शकते. तेव्हा कॉपी पूर्ण झालेली दिसली, तरी पेन ड्राइव्ह इजेक्ट केल्याशिवाय उपसू नका.